डेंग्यूनंतरची केसगळती आणि सहा सिटिंगचं पॅकेज

प्रश्न : मॅडम, मी 29 वर्षांचा आहे. नागपुरात मनीषनगरला राहतो, बुटीबोरीला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डेंग्यू झाला. पाच दिवस भरती होतो, प्लेटलेट्स 38,000 वर आल्या होत्या. त्यातून बरा झालो, पण डिसेंबर संपता संपता केस असे गळून राहिले की आंघोळीनंतर मोरीच्या जाळीवर गुंता जमतो. उशीवर केस, हेल्मेटमध्ये केस. खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंनी कपाळ दोन-तीन वर्षांपासून वर सरकतच होतं. बाबांना तिशीतच टक्कल पडलं. मागच्या वर्षी दुकानातून मिनॉक्सिडिल हे केसांना लावायचं औषध आणून लावलं, तर तीन आठवड्यांत केस जास्तच गळायला लागले म्हणून घाबरून बंद केलं. आता एका हेअर क्लिनिकमध्ये दाखवलं. त्यांनी मशीनने डोक्याचे फोटो काढून 'स्टेज थ्री' सांगितली. दर पंधरा दिवसांनी एक अशा पीआरपीच्या (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्स टाळूत टोचण्याच्या) सहा सिटिंगचं पॅकेज ₹42,000, आजच बुक केलं तर ₹36,000. मी ₹5,000 भरून आलो. मित्र म्हणतो हे सगळे लुटायचे धंदे आहेत. टकलावरच्या फिनास्टेराइड गोळीबद्दल इंटरनेटवर वाचून तर झोपच उडाली. घरी मुली पाहणं सुरू आहे, आईला मे महिन्यापर्यंत जमवायचंच आहे. पीआरपी करू की नको? मुलीकडच्यांना केसांचं सांगायचं का? आणि डेंग्यूत प्लेटलेट्स कमी झाल्या म्हणून केस गेले, तर त्याच प्लेटलेट्स डोक्यात टोचल्या की परत येतील का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

प्लेटलेट्स पडल्या म्हणून तुमचे केस गेलेले नाहीत. आपल्याकडे पावसाळा सरता सरता घरोघरी एकच चौकशी चालते, 'प्लेटलेट्स किती झाल्या?', आणि कुणीतरी पपईच्या पानांचा रस घेऊन हजर होतं. त्यामुळे या पेशींचा आपल्या मनावर जरा जास्तच दबदबा आहे. ताप उतरला की आठवड्या-दोन आठवड्यांत त्या सहसा आपोआप दीड लाखाच्या वर जातात. तुमच्याही केव्हाच गेल्या असतील. सीबीसी या साध्या रक्ततपासणीत कळेल. केस गेले ते तापाच्या धक्क्याने.

डोक्यावरच्या साधारण एक लाख केसांची प्रत्येकाची वेळ वेगवेगळी असते. एखादा केस दोन ते सहा वर्षं वाढत राहतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते आणि पुढचे तीनेक महिने तो नुसता जागेवर टेकून असतो. नंतर गळतो, आणि तिथेच नवा उगवतो. रोज 50 ते 100 केस गळणं हे याच हिशेबातलं. मात्र मोठा ताप, टायफॉइड, बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून झटपट वजन उतरवणं असं काही घडलं की वाढीला लागलेले पुष्कळसे केस एकदम विश्रांतीला जातात, आणि त्यांचे तीन महिने भरले की एकदम गळतात. ऑक्टोबरात ताप, डिसेंबरअखेर गळती. तुमच्या तारखा अगदी पुस्तकातल्यासारख्या जुळतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा दाणा दिसला की लोक 'मुळासकट उपटून आला' म्हणून रडकुंडीला येतात. तो दाणा म्हणजे मूळ नव्हे. मूळ कातडीत शाबूत असतं आणि बहुतेक वेळा त्याने नव्या केसाची तयारी सुरूही केलेली असते.

ही गळती बहुतेकांची तीन ते सहा महिन्यांत स्वतःहून ओसरते. म्हणजे तुमच्या बाबतीत, दुसरं काही कारण नसेल तर, एप्रिल ते जूनच्या दरम्यान. आता क्लिनिकचं वेळापत्रक त्याच्या शेजारी ठेवून पाहा. फेब्रुवारीत सुरुवात केली तर सहावं सिटिंग एप्रिलअखेर येतं. गळती थांबलेली असेल, कपाळाच्या कडेला बोटभर नवे केस ताठ उभे असतील, आणि 'आधीचा' व 'नंतरचा' असे दोन फोटो समोर ठेवून तुम्हाला सांगितलं जाईल, बघा, पीआरपीने काय कमाल केली! तुम्हालाही ते पटेल. तुम्ही चार मित्रांना सांगाल. काहीच केलं नसतं तरी यातले पुष्कळ केस आलेच असते, हे मात्र कुणालाच कळणार नाही. तुम्हाला नाही, आणि कदाचित त्या डॉक्टरांनाही नाही. केसांच्या बाजारात डोळ्यांदेखत दिसलेल्या निकालावर मी पटकन विश्वास ठेवत नाही, तो याच कारणाने.

आता दुसरी बाजू. डेंग्यूच्या आधीपासून सरकणारं कपाळ ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती आपोआप थांबणार नाही. तुमचं डोकं मी पाहिलेलं नाही, पण वडिलांचा इतिहास आणि दोन्ही कोपऱ्यांतली माघार पाहता हे पुरुषी टक्कल, म्हणजे अँड्रोजेनेटिक अलोपेशिया असण्याचीच शक्यता जास्त. यात केस एकदम गळत नाहीत, दर फेरीला आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड उगवतात. डीएचटी नावाचं संप्रेरक आणि त्याला नको इतका प्रतिसाद देणारी मुळं, एवढंच त्याचं मूळ कारण. मनीषनगरच्या बोअरचं पाणी, हेल्मेट, मे महिन्यातलं आपलं ऊन, यातल्या कशानेही असं टक्कल पडत नाही. हेल्मेट घालाच. कांद्याचा रस, माका, जास्वंद लावायचं तर आईच्या समाधानासाठी लावा, माझी हरकत नाही.

'स्टेज थ्री' हा शब्द ऐकून तुम्ही कॅन्सर झाल्यासारखे हादरलेले दिसता. पुरुषी टक्कल मोजायच्या हॅमिल्टन-नॉरवुड पद्धतीत एकूण सात पायऱ्या आहेत. तिसरी म्हणजे कोपरे ठळकपणे मागे गेले आहेत, इतकंच. औषधाला उत्तम प्रतिसाद मिळतो तो याच टप्प्यावर.

मग पीआरपी म्हणजे नेमकं काय? हातातून साधारण 10 ते 20 मिली रक्त काढतात, ते गोठू नये अशा द्रव्याच्या नळीत घालून सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवतात. तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो. त्यातला प्लेटलेट्सनी दाट झालेला भाग वेगळा काढून बारीक सुईने टाळूत जागोजागी टोचतात. रक्तात एरवी दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. चांगल्या पीआरपीत हे प्रमाण तीन ते पाच पट व्हावं अशी अपेक्षा असते. जखम झाली की प्लेटलेट्स तिथे पोचून रक्त थांबवतात आणि पोटातले ग्रोथ फॅक्टर सोडतात. ते पेशींना वाढायला, नव्या रक्तवाहिन्यांना फुटायला सांगतात. हीच दुरुस्तीची यंत्रणा केसांच्या मुळांजवळ कामाला लावायची, अशी ही कल्पना. म्हणजे तुमच्या डोक्यात प्लेटलेट्सची काही कमतरता आहे आणि ती भरून काढायची आहे, असा त्याचा अर्थ नाही.

मी स्वतः माझ्या दवाखान्यात पीआरपी करते, त्यामुळे 'लुटायचे धंदे' या तुमच्या मित्राच्या मताशी मी सहमत नाही. पुरुषी टकलावर झालेल्या बऱ्याच लहान अभ्यासांत, काहींत तर अर्ध्या डोक्यात पीआरपी आणि अर्ध्यात नुसतं सलाइन टोचून, पीआरपीच्या बाजूला केस दाट झालेले दिसले. तसंच, काही अभ्यासांत दोन्ही बाजूंत फरक पडला नाही. याचं एक मोठं कारण म्हणजे पीआरपी हे नाव एक असलं तरी माल एक नाही. नागपुरात पाटी प्रत्येक भोजनालयावर सावजीचीच असते, पण मसाला ज्याचा त्याचा, तसंच हे. रक्त किती काढलं, यंत्र एकदा फिरवलं की दोनदा, किती वेगाने, शेवटी प्लेटलेट्स किती भरल्या, सगळं जागोजागी बदलतं, आणि बहुतेक ठिकाणी कुणी मोजतही नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पुरुषी टकलासाठी मिनॉक्सिडिल 1988 मध्ये आणि फिनास्टेराइड 1997 मध्ये मंजूर केलं. पीआरपीला केसांसाठी अशी मंजुरी आजही नाही.

म्हणून माझ्याकडे क्रम ठरलेला असतो. आधी निदान, मग औषध, आणि औषधाला चार-सहा महिने देऊनही मनासारखं झालं नाही तर जोडीला पीआरपी. औषध नको आणि फक्त पीआरपी करा, असा आग्रह धरणाऱ्यांना मी बहुधा परत पाठवते. पीआरपी डीएचटीला हात लावत नाही. मुळांना काही काळ जोर मिळतो, पण त्यांना बारीक करणारं कारण तसंच राहतं. म्हणूनच सुरुवातीला साधारण महिन्याला एक अशी तीन-चार सिटिंग झाली तरी पुढे दर सहा महिन्यांनी-वर्षाने पुन्हा करत राहावं लागतं. हा पुढचा खर्च पॅकेजच्या कागदावर लिहिलेला असतो का, पाहा. शिवाय जिथे टाळू पार गुळगुळीत झाली आहे तिथे टोचून उपयोग नाही, कारण जोर द्यायला मूळच उरलेलं नसतं.

मिनॉक्सिडिल तुम्ही नेमकं चुकीच्या वेळी सोडलंत, आणि यात दोष तुमचा नाही, दुकानदाराने काहीच न सांगता बाटली हातात दिली त्याचा आहे. सुरुवातीच्या दोन ते आठ आठवड्यांत केस जास्त गळतात, कारण जागेवर टेकून बसलेल्या जुन्या केसांना नवे केस खालून ढकलतात. ती गळती म्हणजे औषध काम करतंय याची खूण. लोक तिथेच घाबरून थांबतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि चालू ठेवलं तरच टिकतो. सोडलं तर तीन-चार महिन्यांत जे कमावलं ते जातं. पुरुषांसाठी 5 टक्क्यांचं असतं, आणि ते कोरड्या टाळूवर लावायचं, केसांना नव्हे. छातीत धडधड झाली किंवा चेहऱ्यावर, पायांवर सूज आली तर थांबवून डॉक्टरांना विचारा. हे औषध मुळात रक्तदाबाच्या गोळीतून आलेलं आहे. घरात मांजर असेल तर बाटली आणि लावलेलं डोकं दोन्ही तिच्यापासून लांब, मांजरांना ते विषारी असतं.

फिनास्टेराइडची भीती मी उडवून लावणार नाही. ही गोळी टाळूतलं डीएचटी निम्म्याहून जास्त कमी करते आणि टक्कल रोखण्यात तिच्या तोडीचं फार थोडं आहे. मंजुरीच्या वेळच्या चाचण्यांत कामेच्छा कमी होणं, ताठरतेची तक्रार असे लैंगिक दुष्परिणाम गोळी घेणाऱ्यांत 100 पैकी जवळपास 4 जणांना जाणवले. खोटी गोळी घेणाऱ्यांतही 2 जणांना जाणवलेच होते. बहुतेकांचं गोळी थांबवल्यावर बरं झालं. काही पुरुष मात्र नंतरही त्रास राहिल्याचं सांगतात. उदासी आणि आत्महत्येचे विचार हाही नोंदलेला दुष्परिणाम आहे, तेव्हा पूर्वी कधी नैराश्य आलं असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्तदान करू नये, कारण ते रक्त गर्भवतीला चढलं तर पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो. लग्नानंतर लवकर मूल हवं असेल तर तेही आधीच बोलून घ्या, काहींच्या वीर्याच्या तपासणीत फरक पडतो. एवढं ऐकून नको वाटली तर नका घेऊ. नुसतं मिनॉक्सिडिल घेऊन पुढे जाणारे पुष्कळ आहेत.

पण सगळ्यात आधी निदान. 'मेडिकल' आणि मेयो ही नागपूरची सरकारी रुग्णालयं, किंवा मिहानमधलं एम्स, यांपैकी कुठेही त्वचारोग ओपीडीत जा, नाहीतर रामदासपेठ-धंतोलीत एमडी किंवा डीव्हीडी (त्वचारोगाची पदविका) झालेले त्वचारोगतज्ज्ञ आहेत. पाटीवर 'ट्रायकॉलॉजिस्ट' असेल तर खाली महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. हा शब्द लावायला डॉक्टर असावं लागतंच असं नाही. डर्मोस्कोप या खास भिंगाने टाळूतल्या केसांची जाडी पाहिली की तुमची गळती तापाची किती आणि वंशाची किती, याचा अंदाज येतो. पाचापैकी एकाहून जास्त केसांच्या जाडीत फरक असेल तर पुरुषी टकलाकडे बोट जातं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड एवढं रक्त तपासा. डेंग्यूनंतर जेवण नीट गेलं नसेल, सतत रात्रपाळ्या असतील, तर कधी कधी तिथेच काहीतरी सापडतं. जाताना डिस्चार्ज कार्ड न्या आणि त्या दिवशी डोकं धुऊ नका, तेलही लावू नका, म्हणजे ओढून पाहण्याची तपासणी नीट होते.

पुढे कधी पीआरपी करायची वेळ आलीच तर काही गोष्टी आधी सांगायच्या असतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या, काविळीचा (हेपेटायटिस) इतिहास, टाळूवर पुळ्या किंवा बुरशी. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आहे, तेव्हा घरात कुणाला असेल तर तेही. नुसते वाहक असाल तर सहसा अडचण येत नाही, पण आजार असेल तर हिमोग्लोबिन पाहूनच ठरवावं लागतं. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आठवडाभर आधीपासून नकोत, त्या प्लेटलेट्सचं कामच मंद करतात. अर्थात हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नाही. टोचताना दुखतं, खोटं सांगत नाही. दोन दिवस डोकं जड राहतं, कधी कपाळावर सूज उतरते.

आणि डोळे उघडे ठेवा. रक्त तुमच्या समोर काढलं, नळीवर तुमचं नाव घातलं, सुई-सिरिंज नवी फोडली, हे बघायचंच, भिडेखातर गप्प बसायचं नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका विनापरवाना स्पामध्ये 2018 साली पीआरपीचं फेशियल करून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं. तिथल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने 2024 मध्ये त्यावर अहवाल काढला. प्लाझ्मा स्वतःचा असला तरी सुई कुणाची, हा प्रश्न उरतोच. तुम्ही गेलात त्या क्लिनिकमध्ये टोचणार कोण, डॉक्टर की टेक्निशियन, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. बहुधा विचारलंच नसेल. पुढच्या खेपेला 'पीआरपी जुनं झालं, आता जीएफसी घ्या, एक्सोझोम घ्या' असंही सांगतील. जीएफसी हा पीआरपीचाच एक प्रकार आहे, महाग. एक्सोझोम, म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेले अतिसूक्ष्म कण, ते तर टोचूनच घेऊ नका. त्याला अमेरिकेतही मंजुरी नाही, आणि तिथल्या औषध प्रशासनाने 2019 मध्ये अशा उत्पादनांबद्दल लोकांना सावध केलं होतं.

लग्नाचं थोडक्यात सांगते. मेपर्यंत केस आणायचे हा तुमच्या आईचा मुहूर्त आहे, केसांना तो माहीत नाही. केस महिन्याला जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात. पाहण्याच्या कार्यक्रमाआधी चांगल्या न्हाव्याकडून आखूड कापून घ्या, विरळ केस लांब ठेवले की जास्तच विरळ दिसतात. बायोडाटावर आत्ताचा फोटो लावा, तीन वर्षांपूर्वीचा नको. मुलीकडच्यांसमोर केसांचा विषय मुद्दाम काढायची गरज नाही, त्यांना डोळे आहेत. मात्र मुलीशी एकट्याने बोलणं झालं आणि तुम्ही गोळी घेत असाल, तर ते तिला सांगून टाका. आणि आईला हे पत्र वाचायला द्या. घाई तिची आहे, ₹36,000 मात्र तुमच्या पगारातून जाणार आहेत.

राहिले भरलेले ₹5,000. 'आजच भरा' म्हणणाऱ्याला उद्या जाऊन 'थांबतोय' म्हणण्यात लाजण्यासारखं काही नाही. पावती आणि तुम्ही सही केलेल्या कागदाची प्रत मागा, परताव्याची अट वाचा, आणि उपचार सुरूच झालेले नाहीत म्हणून पैसे परत हवेत असं लेखी किंवा व्हॉट्सॲपवर कळवा. तोंडी बोलण्यावर थांबू नका. टाळाटाळ झाली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि तिथेही सुटलं नाही तर नागपूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. तोवर उरलेल्या रकमेचा ईएमआय कुणी 'फक्त ओटीपी सांगा' म्हणून फोनवर सुरू करायला आलं, तर ओटीपी देऊ नका.